कोंबड्यांच्या पेटीवर जप्ती

शनिवार होता, मी सकाळची शाळा आटोपून नुकतीच घरी आले होते. चामोर्शीच्या अलीकडचं आमचं जंगलपट्ट्यातलं गाव, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या दिवशी आमच्या अंगणात जप्ती आली... आणि कशावर? तर माझ्या सासूबाईंच्या कोंबड्यांच्या पेटीवर! आज इतकी वर्षं झाली, पण आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

सासरे सुतार होते. ते गेल्यावर त्यांची अवजारं वर्षभर पोत्यात बांधून पडली होती. त्या वर्षी जुना गोठा पाडला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या दाराच्या सागवानी फळ्या बाजूला काढल्या, पोतं सोडलं आणि सरळ रंधा हातात घेतला. मी गावच्याच शाळेत मास्तरीण, नवरा बल्लारपूरला कामाला, रविवारी घरी येणारा... आम्हा दोघांना खिळासुद्धा सरळ ठोकता येत नव्हता.

सहा कप्प्यांची पेटी केली त्यांनी, कोंबड्यांना अंडी घालायला आणि उबवायला. अंडी बाहेर घरंगळू नयेत म्हणून पुढे चार बोटं उंच पट्टी, आत धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा. कोंबडीच्या छातीला लाकडाची कूस टोचू नये म्हणून फळ्या आतून-बाहेरून रंधून काढल्या.

वर आणखी जुन्या खिळ्यांची, बिजागरीची सगळी भोकं लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवली. भोकांत पिसवा दडतात आणि कोंबडीला अंड्यांवर टिकू देत नाहीत, म्हणून. एवढी मेहनत कोण करतं हो कोंबड्यांसाठी? पण काम इतकं सफाईदार झालं की लाकूड जुनं आहे हे कुणाला ओळखू येईना, आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे जंगलखात्याच्या नाकेदाराला कुणाच्याही अंगणात शिरायला आमंत्रण लागत नसे. सागाच्या तुकड्यावर डेपोच्या हातोड्याचा शिक्का पाहिजे, नाहीतर लाकूड चोरीचं. हा पठ्ठ्या आला, पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ताजा साग आहे, शिक्का दाखवा. सासूबाईंनी सांगितलं की हे गोठ्याचं दार आहे, पाडलेला गोठा समोर दिसतोय. पण त्याचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतंच... आमच्या तांबड्या कोंबड्याकडे होतं.

शेजारचे भाऊ हळूच म्हणाले, देऊन टाका कोंबडा आणि मोकळ्या व्हा. सगळं गाव असंच मोकळं होत असे. सासूबाई मात्र नाकेदारापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कोंबडा पाहिजे असन तं तोंडानं माग. लाकडाचं नाव काऊन सांगतं?"

झालं! गड्याचा पारा चढला. लगेच पंचनामा, 'ताजे सागवान, विनापरवाना'. पेटी न्यायला शेजारच्या भाऊंचीच बंडी जुंपायला लावली, म्हणजे बघा!

इथपर्यंतची गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली आहे. एक गोष्ट मात्र दरवेळी गाळते. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक भाऊ झाले, त्यांनी अंगठा दिला. मग नाकेदाराने कागद माझ्यापुढे धरला... तुम्ही सरकारी नोकर ना बाई, करा सही. मी वाचलं. 'ताजे' हा शब्द नीट वाचला. नोकरी नवी होती, घाबरले, आणि सही केली.

पेटीत काबरी कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, पिल्लं निघायला दोन-तीनच दिवस राहिले होते. तिला हाकला, असं नाकेदार म्हणाला. सासूबाईंनी कोंबडीसकट पेटी बंडीत ठेवू दिली आणि स्वतः शेजारी चढून बसल्या. "ते उठली तं पिल्लं मरतीन. मी बी संगं येते."

आणि जंगलखात्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात पेटीजवळ ठाण मांडून बसल्या. नाकेदाराचे साहेब दौऱ्यावर होते. रविवारी नवऱ्याने डबा नेला, घरी चला म्हणून विनवलं, पण त्या हलल्या नाहीत. सोमवारी मी रजा टाकून गेले, तर पेटीत पिल्लांची चिवचिव चाललेली आणि साहेब समोर कंबरेवर हात ठेवून उभे.

सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि एक बुजवलेलं भोक कोरायला घेतलं. भुसा निघाला, आत मोडलेला गंजका खिळा. मग दुसरं भोक कोरलं, मग तिसरं... स्वतःच्या हातांनी केलेलं सुबक काम स्वतःच उकरत होत्या. माझ्याने बघवेना.

साहेब भला माणूस निघाला. नाकेदाराला सगळ्यांसमोर झापलं आणि पेटी परत न्यायला सांगितली. मग पंचनामा उचलून विचारलं, लाकूड इतकं जुनं दिसतंय, मग यावर सही करणारी ही पंच कोण?

मी मान खाली घातली. सासूबाई पिल्लं पदरात गोळा करत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "माई सून हाये. शिकेल हाये ते."

टोमणा असता तर सोसला असता हो... पण त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं, कुणालाही सांगावं तसं. त्यानंतर हयातभर त्या विषयावर एक शब्द काढला नाही. माफी मागायचं माझ्याच्याने कधी झालं नाही, म्हणून आज इथे लिहितेय.

त्या नाकेदाराचा मला अजून संताप येतो. पण त्याला निदान कोंबडा तरी हवा होता... मी तर फुकटातच सही केली.