टायरमधून काढलेली हवा

आम्हा दोघा भावांत मिळून एक छोटी गाडी होती. चालवायचा दादा, पाणी, ऑइल, टायरची हवा माझ्याकडे. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर लिहिलं होतं, गाडी भरलेली असेल तर हवा तेहतीस पौंड. मी ते वाचलं होतं. पण आमच्याकडे मे महिन्यात सगळेच थोडी हवा काढतात. उन्हाने हवा फुगते, टायर फुटतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि कंपनीवाल्यांना शहाद्याचं ऊन काय ठाऊक?

खांडबाऱ्याला लग्न होतं. हळदीसाठी निघायच्या आदल्या दुपारी गाडी बाजारातून आली तेव्हा टायरं हाताला चटका देत होती. मी व्हॉल्व्हमध्ये खिळा दाबून चारही पंचवीसवर आणली.

दादा ओट्यावरून म्हणाला, "हवा काढी काढी गाडीनी बैलगाडी करी टाकशी तू."

वहिनी म्हणाली, "करू द्या भाऊजीले. तेवढंच एक काम शे त्यासले."

तापलेल्या टायरात पंचवीस, म्हणजे सकाळी गार झाल्यावर त्याहून कमी. कमी हवेचं टायर पसरतं, घासतं, आतून तापतं आणि फाटतं. हे मी नंतर वाचलं, गाडीसोबत आलेल्या पुस्तकात. ते तोवर प्लास्टिकमध्येच होतं.

गाडीत पाच माणसं होती. मी घरीच थांबलो होतो. परत येताना भर उन्हात मागचं टायर फुटलं आणि गाडी रस्त्याकडेच्या निंबाच्या झाडावर गेली. वहिनी जागीच गेली.

दवाखान्यात दादा एकच म्हणत होता, "मन्हा डोया लागना व्हता." त्याला खरं तर काहीच आठवत नव्हतं. मागे बसलेले झोपेत होते. लोकांनी मिळून ठरवलं : हळदीला जागरण झालेलं, याला डुलकी लागली, गाडी आपटली, मग टायर फुटलं. पोलिसाने मला हवेचं विचारलं. मी म्हणालो, "बरोबर होती."

सात वर्षं मी ते तसंच राहू दिलं. दादाने पुन्हा गाडीला हात लावला नाही. त्याची लेक माहेरी आली की त्याच्यापुढे ताट ठेवते, बोलत नाही. ते बघत मी शेजारी जेवत आलो.

गेल्या महिन्यात दादाला सांगितलं. खिळा, पंचवीस, पोलिसाला दिलेलं उत्तर, सगळं.

"मन्हाकरता खोटं बोली ऱ्हायना तू," तो म्हणाला. मी वहिनीची शपथ घेतली. "धाकलपनपासून असाच शे तू. मन्हा वाटाना मार बी तूच खाये."

मग पुतणीच्या सासरी गेलो. तिलाही तेच सांगितलं.

शेवटी म्हणाली, "काका, बाबांनी पाठवलं ना तुम्हाला?"

मी नाही म्हणालो. ती चहा टाकायला उठली.