सुलूआत्याची फुंकणी लग्नाला जाते

सुलूआत्या कुठेही जेवायला निघाली की तिच्या पिशवीत तीन वस्तू असतातच: फुंकणी, चिमटा आणि टोकाशी वाकवलेली एक लोखंडी सळई. न जाणो, कुठे चूल धुमसत असली तर.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आता पेन्शन घेऊन फ्रीगंजात टावर चौकामागच्या गल्लीत मजेत एकटी राहते. बाबांनी तिला गीझर बसवून दिला. तिने त्यांचे आभार मानले, गीझरवर क्रोशाचं झाकण घातलं आणि अंगणात जाऊन बंब पेटवला.

"गीझरपुढे माणसाला काही कामच नसतं," ती म्हणाली. "बटण दाबा आणि उभे राहा."

कॉलनीच्या सहलीत बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायचे असले की गोवऱ्यांचा ताबा तिच्याकडे. भाड्याने आणलेला हलवाई आधी कुरकुरतो, मग सरकून जागा देतो. आम्ही भाचरं तिला चिडवत आलो. तिच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं, मानसीचं लग्न इंदूर रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात होतं. दारात तपासणी होती. आत्याची पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्र ओरडलं. गार्डने फुंकणी बाहेर काढली.

"माताजी, ये क्या है?"

"फुंकनी."

"इससे क्या करते हैं?"

"फूंकते हैं."

गार्डने एक डोळा मिटून नळीतून पाहिलं. पलीकडून आत्याने पाहिलं. एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही.

"लोहा अंदर नहीं जाएगा."

"अरे भैया, शादी मेरी भतीजी की है."

"शादी किसी की भी हो, माताजी."

तिन्ही वस्तू टेबलाखालच्या खोक्यात गेल्या. तिथे लायटर होते, गुटख्याच्या पुड्या होत्या आणि कोणाचा तरी एक नारळही होता. आत्या आत आली ती तोंड पाडूनच. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं, तर म्हणाली, "हात एकदम रिकामे वाटतायत गं."

विवाहहोमाची वेळ झाली. हॉटेलवाल्यांनी होमाला परवानगी दिली होती, पण कुंड लहान हवं होतं, आणि शेजारी आग विझवायचं लाल नळकांडं घेतलेला त्यांचा एक माणूस उभा राहणार होता. रामघाटाकडून आलेले गोपाळकृष्ण गुरुजी समिधा रचून बसले. समिधा ओल्या निघाल्या. जाळ धरेना, नुसता धूर. गुरुजींनी लग्नपत्रिकेने वारा घातला, तो सगळा धूर नवऱ्या मुलाच्या, चिन्मयच्या तोंडावर गेला. त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"आमच्याकडे उलटंच आहे," चिन्मयची आई शेजारणीला म्हणाली. "मुलगी कोरडी आणि मुलगा रडतोय."

नळकांडंवाला एक पाऊल पुढे सरकला. गुरुजी कानकोंडे झाले. "अग्नीवर थेट तोंडाने फुंकायचं नसतं. फुंकणी हवी. नेमकी जुन्या पिशवीत राहिली हो माझी."

पहिल्या रांगेत आत्याने हात वर केला.

आम्ही दोघी दाराकडे धावलो. गार्डला नियम मोडायचा नव्हता आणि लग्नही मोडायचं नव्हतं. बराच विचार करून तो म्हणाला, "सामान मेरे हाथ में रहेगा." मग टोपी सारखी करून, फुंकणी, चिमटा आणि सळई दोन्ही हातांवर आडवी धरून तो आमच्या पुढे मांडवात चालत आला. सनईवाल्यांना वाटलं कुणी मोठं आलं. त्यांनी सूर चढवला.

आत्या गुरुजींशेजारी बसली. "लाकडं गीली आहेत, त्यात गच्च रचलीत," ती हळूच म्हणाली. तिने आधी फुंकलंच नाही. चिमट्याने एकेक समिधा उचलून तिरकी ठेवली, सळईने तळाशी पोकळी केली, कोपऱ्यातला एक लाल ठिपका शोधला आणि त्याच्याकडे फुंकणी करून एक लांब, संथ श्वास सोडला. घाई नाही. मग दुसरा. भप्पकन जाळ उठला.

"वाह," गार्ड म्हणाला, आणि आपण ड्यूटीवर आहोत हे आठवून गप्प झाला.

पुढे फुंकणी गुरुजींनीच हातात घेतली. मंत्र आणि फुंकर, मंत्र आणि फुंकर. ते इतके रमले की एकदा स्वाहा म्हणायचंच राहिलं. सप्तपदी झाली, आशीर्वादाच्या अक्षता पडल्या, आणि सामान आवरताना फुंकणी अलगद त्यांच्या पिशवीत गेली. आत्याचं लक्ष होतंच.

"गुरुजी, ती माझी."

"हो हो, चुकून," गुरुजी म्हणाले, पण हात पिशवीतून निघेना. "काय हलकी आहे हो. सुलूताई, दक्षिणेत नाही का धरता येणार?"

"दक्षिणेत ही शाल न्या. फुंकणी मिळणार नाही."

गुरुजींनी ती परत दिली, पण चेहरा असा केला की आत्याला जेवण गोड लागेना. पानावरून उठल्यावर ती मला म्हणाली, "आजवर सगळ्यांनी विचारलं, हे लोढणं कशाला बाळगतेस. आपल्याला मिळेल का, असं कुणी विचारलं नव्हतं." आणि ती स्वतःहून गुरुजींकडे गेली.

लग्नाचं आवरल्यावर ती त्यांना देवास गेटजवळच्या लोहाराकडे घेऊन गेली. मीही गेले, गंमत बघायला. पहिली नळी तिने ओठाला लावून परत केली: तोंड फार रुंद, हवा पसरते. दुसरी जड निघाली. गुरुजींना तीही चालली असती, भूकही लागली होती, पण बोलायची सोय नव्हती. तिसऱ्या नळीचं टोक आत्याने लोहाराकडून निमुळतं करून घेतलं आणि ती गुरुजींच्या हातात देऊन त्यांना भट्टीपुढे बसवलं.

"माताजी, मेरे यहाँ तो बिजली का पंखा लगा है," लोहार म्हणाला.

आत्याने वाकून पंखा बंद केला.

"हं, फुंका आता. गाल फुगवू नका गुरुजी, पोटातून येऊ द्या."

गुरुजींनी उपरणं खोचलं आणि फुंकायला सुरुवात केली.