फॅन बंद करा, रुपया बोलतोय

आमचे व्याही उभ्या आयुष्यात एकदाही खोट्या रुपयाला फसले नाहीत. हे एवढं एक वाक्य लिहायचं मी नऊ वर्षं टाळत आलो. गेल्या महिन्यात कोल्हारला प्रवरेच्या काठी त्यांचा दशक्रियाविधी झाला. श्रद्धांजलीच्या भाषणात माझे साडू माईक हातात धरून म्हणाले, "माणूस मोठा पारखी, पण एकदा फसलाच." लोक दुःखाला शोभेल इतपत हसले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा चांगला ठणठणीत होता. म्हणून आता लिहितो आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सावेडीला माझ्या घरी यावं. पेन्शनर माणूस आहे, वाद घालायला दिवसभर मोकळा असतो.

व्याही म्हणजे माझ्या सुजाताचे सासरे. कोल्हारला ऊस, थोडे पेरू आणि दारात दोन म्हशी, एवढा त्यांचा उघड संसार. खरा जीव मात्र जुन्या चांदीच्या रुपयात. स्वतः साठवण्यापेक्षा दुसऱ्याला निवडून देण्यात त्यांना जास्त सुख होतं. लक्ष्मीपूजनाला रुपया घ्यायचा झाला की पंचक्रोशीतली माणसं त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नगरच्या सराफाकडे घेऊन येत. बंडीच्या खिशात फ्लॅनेलची पिशवी, पिशवीत मोडक्या रेडिओतून काढलेलं लोहचुंबक, एक भिंग आणि वाजवायला ठेवलेला एक खात्रीचा रुपया. घ्यायचा रुपया डाव्या बोटाच्या टोकावर तोलून धरायचे, खात्रीच्या रुपयाने त्याला हलकेच टोला द्यायचे, आणि मग डोळे मिटून, तोंड उघडं टाकून ऐकत बसायचे. "त्वांड मिटलं की निम्मा आवाज बाहीरच ऱ्हातो," असं त्यांचं शास्त्र होतं. त्या वेळी समोर कोण आहे याची त्यांना पर्वा नसे. एकदा ऐन धनत्रयोदशीच्या गर्दीत त्यांनी सराफाला फर्मावलं, "फॅन बंद करा, रुपया बोलतोय." फॅन बंद झाला. मग रस्त्यावर हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोवाल्याला जाऊन म्हणाले, "दोन मिन्टं दम खा, आत बाईचं बोलनं चाललंय." बाई म्हणजे रुपयावरची राणी. टेम्पोवाला इतका गोंधळला की त्याने इंजिनसुद्धा बंद केलं.

या बाईबद्दल त्यांची मतं ठाम होती. "नाक झिजल्यालं चालंल, घासल्यालं चालनार न्हाई." झिजलेला रुपया म्हणजे पुष्कळ हातांतून फिरलेला, खाल्लेला-प्यालेला रुपया. घासून चकाकवलेला म्हणजे पावडर लावून बसलेला. काळा पडलेला रुपया कुणी चिंच लावून उजळला की ते नातेवाईक गेल्यासारखे हळहळत. कडेच्या बारीक रेघांवरून नख फिरवायचे. रेघ तुटली की तिथे पूर्वी माळेत ओवायला कडी जोडलेली असणार, ती काढून डाग घासलेला असणार. "चांदी खरी हाय, पर रुपाया जखमी हाय. जखमीला मी न्हाई म्हनत न्हाई, फकस्त निरोग्याच्या भावानं घेनार न्हाई." ओतलेल्या खोट्या रुपयावर भिंगातून बारीक खड्डे दिसतात, तेही त्यांनी मला दहादा दाखवले. मला एकदाही दिसले नाहीत. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. मला नकाशातली नदी दिसते, राणीच्या गालावरचा खड्डा दिसत नाही.

सुजाताला बघायला आले तेव्हाची गोष्ट. आम्ही हुंड्याचं बोलणं कसं टाळायचं याची तयारी करून बसलेलो. मुलीला त्यांनी नावसुद्धा विचारलं नाही. ताटातला कुंकू लावलेला रुपया उचलला, पुसला, बोटावर तोलला आणि टोला दिला. सगळी बैठक त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मग डोळे उघडून म्हणाले, "गुर्जी, ह्या घरात खोटं न्हाई. तारीक काढा." माझ्या बायकोला हसावं की रडावं कळेना. मला मात्र तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं होतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

लग्नानंतर दर दिवाळीला ते आम्हाला एक रुपया निवडून देत. असे दहा झाले. अकरावा आपण स्वतःच्या अकलेने घ्यावा, असं माझ्या मनात आलं. शनिशिंगणापूरला दर्शन करून परतताना गावाबाहेर रस्त्याकडेला कुणी परगावचा माणूस फडक्यावर जुने रुपये विकायला मांडून बसला होता. गावातल्या घरांना दारं नसतात, ही गोष्ट मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलेली. अशा मुलखात खोटा माल कोण आणणार, असा माझा तर्क. शिकलेल्या माणसानेच करावा असा तो गाढवपणा होता. रुपया चकाकत होता, मला तेच आवडलं. वाजवून बघायचं लक्षात आलं, पण चारचौघांत तोंड उघडं टाकून बसायची लाज वाटली, म्हणून तसाच विकत घेतला.

त्या दिवाळीला व्याही-विहीण, साडू, सगळे आमच्याकडे होते. मी माझा रुपया त्यांच्या दहांत मिसळून ताटात मांडला. पूजा झाली की विचारायचं, सांगा यातला माझा कुठला, आणि त्यांना ओळखता आलं नाही की मग ऐटीत दाखवायचा, असा बेत होता. आरती झाली, आणि मी तोंड उघडायच्या आत साडूंनी नेमका तोच उचलला. ताटाच्या काठाने त्याला ओरखडा गेला होता. "अहो, यात तांबडं दिसतंय," ते म्हणाले, "व्याह्यांनी तुम्हाला टोपी घातली की." सगळे हसले. व्याह्यांनी रुपया हातात घेतला. वाजवलाही नाही, नुसता तळहातावर तोलला. आपण दिलेला प्रत्येक रुपया त्यांना पोटच्या पोरासारखा ठाऊक होता. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी समईची वात सारखी करत होतो.

"माजीच नजर चुकली, गुर्जी," ते म्हणाले आणि तो रुपया स्वतःच्या पिशवीत टाकला.

मुलीच्या बापाची मान भरल्या घरात खाली जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची घातली. भाऊबीजेला सुजाताबरोबर त्याच्या बदली एक खणखणीत रुपया आला. तो मी ठेवून घेतला. साडूंनी ही गोष्ट नगरपासून राहुरीपर्यंत मीठमसाला लावून नेली. पुढच्या धनत्रयोदशीला व्याह्यांच्या दाराशी एकही मोटारसायकल थांबली नाही. नंतरही नाही. सुजाता एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, मामंजी हल्ली सराफाचं नावच काढत नाहीत." मी म्हणालो, वय झालं.

पुढे खरंच वय झालं आणि त्यांचा कान गेला. मुलाने मशीन आणून दिलं. ते कानात घालून त्यांनी आधी रुपया वाजवला आणि मशीन काढून ठेवलं. "ह्यात समदेच खोटे वाजत्यात." मी ठरवलं, आता जाऊन सांगायचंच. यंदा पावसाळा सरता सरता कोल्हारला गेलो. ओट्यावर दोघेच बसलो. बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं म्हणजे ते आळीला ओरडून सांगावं लागतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं. शेजारीण धान्य पाखडत होती. आत सुजाता चहा टाकत होती.

व्याह्यांनी फ्लॅनेलची पिशवी सोडली. त्यातून एक रुपया काढून माझ्या बोटावर ठेवला आणि खात्रीचा माझ्या दुसऱ्या हातात दिला. ठेवलेल्या रुपयावर तांबडा ओरखडा होता.

"वाजवा," ते म्हणाले, "मला न्हाई ऐकू येत. तुमीच सांगा कसा हाय."

मी वाजवला. बद्द आवाज आला. त्यांच्या कानाशी वाकून मी ओरडलो, "खोटा आहे."

शेजारणीचं सूप थांबलं. व्याह्यांनी मान हलवली. मग त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडं टाकलं आणि पुढचं ऐकायला थांबले. तसेच थांबून राहिले. सुजाता चहा घेऊन बाहेर आली. मी कप घेतला. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच तोंड मिटलं, रुपया पिशवीत टाकला आणि म्हणाले, "प्या गुर्जी, गार हुईल."

व्याही, तो रुपया माझा होता. मला माफ करा.