मुखवटेवाल्याचा चेहरा

गयाबाईची सिनेमातली झोप साधीसुधी नव्हती. उल्हासनगरच्या टॉकीजमधला एसीचा गार वारा अंगाला लागला, की पडद्यावरची नावं संपायच्या आत तिची मान नवऱ्याच्या, शिवरामच्या खांद्यावर. मुखवटेवाल्याचे आधीचे सगळे भाग तिने असेच 'पाहिले' होते. मुखवटेवाला म्हणजे आभाळातून उडत येऊन माणसं वाचवणारा परदेशी हिरो. डबिंगमुळे आपल्याकडे फर्डं हिंदी बोलायचा. शिवरामचा त्याच्यावर भारी जीव. अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर लोखंड कातत उभं राहून कंबर कामातून गेलेला हा माणूस नवा भाग लागला की हरखून जायचा, आणि परतताना बेलवलीतल्या घराचं कुलूप उघडेपर्यंत बायकोला सगळी स्टोरी सांगायचा. गयाबाई नुसती हुंकार द्यायची. तिला स्टोरीपेक्षा त्याचं सांगणं आवडायचं.

एक गोष्ट मात्र शिवरामला छळायची. त्या हिरोने आजवर कधी मुखवटा काढला नव्हता. "शेवटच्या भागात काढणार बघ," तो म्हणायचा.

शेवटचा भाग आला दोन हजार आठ साली. तोवर शुगरने शिवरामचे दोन्ही डोळे नेले होते. 'अखेर चेहरा दिसणार', अशी पेपरात मोठी जाहिरात आली. राजरत्नने, त्यांच्या मुलाने, ती मोठ्याने वाचली आणि मग जीभ चावली. शिवराम अर्ध्या भाकरीवरच ताटावरून उठला.

गयाबाईला ते बघवेना. रविवारी तिने फर्मान काढलं, "उठा, जायचंय आपल्याला. ऐकायचं काम तुमचं, बघायचं माझं."

"तू? तू तर घोरशील."

"घोरले तर चिमटा काढा."

आणि बाई खरंच जागी राहिली! "आता उडाला... त्या टकल्याला हाणला... पूल पडला बघा, अख्खा!" मागची सिंधी बाई वैतागली, "अम्मा, धीरे बोलो ना!"

"इनको दिखता नहीं," गयाबाई वळून म्हणाली.

"अच्छा? तो बोलो, बोलो."

इंटरव्हलनंतर मात्र पापण्या जड झाल्या. गयाबाईने पिशवीतून बामाची डबी काढली आणि डोळ्यांखाली बाम चांगला चोपडला. झोप पळाली, पण डोळ्यांना धार लागली. नेमका तेव्हाच हिरोने मुखवट्याला हात घातला. टॉकीजभर शिट्ट्या. शिवरामने तिचं मनगट घट्ट धरलं.

"काढला? कसा आहे गं?"

गयाबाईला समोर नुसता पांढरा उजेड दिसत होता. पदराने पुसायला गेली तर आणखीच झोंबलं. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला, 'दिसला नाही' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"कपाळ मोठंय," ती म्हणाली. "रंग आपल्यासारखाच, सावळा. कान जरा बाहेर आलेत. उजव्या भुवईत खूण आहे, लोखंडाचा कीस उडून लागावा तशी. आणि हसला की एकाच गालाने हसतो."

शिवरामचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला.

"गये, बामाचा वास कधीचा येतोय. दिसला नाही ना तुला?"

"नाही हो." तिला रडूच फुटलं. "एवढं एकच काम होतं माझं!"

मागची बाई पुढे वाकली. "अम्मा, मैं बताऊँ कैसा था?"

"नहीं बहन," शिवराम एका गालाने हसला. "हमने देख लिया."