थोरल्यानं ऐकायचं

सर्वेश परबला मशीनसमोर बसल्या बसल्या गावची खाडी दिसायची. नोकरी रक्त तपासणाऱ्या लॅबची. सगळ्या केंद्रांचे रिपोर्ट साकीनाक्याच्या मशीनमध्ये साठायचे आणि त्यांची हुबेहूब नक्कल दिंडोशीच्या मशीनमध्ये उतरत राहायची. ऑफिसात साकीनाक्याला थोरला म्हणत, दिंडोशीला धाकटा. थोरला सांगणार, धाकटा गिरवणार.

परवा एसीचा पाइप फुटला आणि थोरला भिजून आडवा झाला. धाकट्यानं निमूट कारभार उचलला. तेव्हापासूनचे नवे रिपोर्ट फक्त दिंडोशीत. जोगेश्वरीच्या केंद्रात रक्त देऊन आलेल्या मालनचा, म्हणजे सर्वेशच्या आईचाही त्यातच. हातावरचा कापूस दाबत तिनं बजावलं होतं, "आता परत सुई नाय हां. नायतर मी गावाक जातंय."

आज दुपारी थोरला दुरुस्त होऊन उभा राहिला. लॅबप्रमुख देवव्रतसरांना मुहूर्ताशिवाय साधा पंखा लावणं जमत नाही. थोरल्याला हळदकुंकू झालं, हार झाला. मग नाकातून, एकेका शब्दाला लोंबकळत सर म्हणाले की आता काय, सिम्पल आहे ना, नेहमीसारखं थोरल्यापासून सुरू करायचं, मान त्याचा. रिसेप्शनच्या कुंदाताईंनी पेढ्यांचा खोका उघडलासुद्धा.

उदबत्तीच्या धुरात सर्वेशचं बोट बटणावर गेलं. पडद्यावर नकलेची दिशा दाखवणारा बाण होता, साकीनाक्याकडून दिंडोशीकडे. तो हळूहळू पाण्यासारखा हलायला लागला. लहानपणी वडील, काशीराम, त्याला होडीत बसवून दाखवायचे, भरती आली की नदी उलटी चालते. काटक्या, पानं, फेस, सगळं समुद्राकडून गावाकडे. एका पानावर आई बसली होती, कापूस दाबून. बाणाचा लोंढा तिच्याच अंगावर येत होता.

बोट थांबलं.

"सर, थोरला झोपला होता ना. मधलं त्याला काय माहीत? तो जुनंच सांगणार, आणि धाकटा नवं पुसून तेच गिरवणार. आधी धाकटा सांगेल, थोरल्यानं ऐकायचं."

"अरे, पण हार थोरल्याला घातलाय."

"हार राहू दे ना सर. मी बाण फिरवतो."

बाण उलटा झाला. थोरल्याचे हिरवे दिवे लुकलुकू लागले आणि सर्वेशला वाटलं, दिंडोशीहून भरती चढतेय. दोघं सारखे झाले, काम साकीनाक्यात परतलं, मगच त्यानं बाण पुन्हा जुन्या वाटेला लावला.

पेढा तोंडात टाकून त्यानं थोरल्यात मालन परब शोधलं. पान तरंगत वर आलं. त्यानं फोन लावला.

"आई, परत सुई नाही. पण साखर वाढलीय. गोड बंद."

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"त्येच्यापेक्षा सुई बरी होती," मालन म्हणाली.