रोज शाळेत जाऊन गैरहजर

इंदूरच्या डॉक्टरांनी पॅडवर एक शब्द लिहिला, पॅड आमच्याकडे फिरवलं आणि म्हणाले, "ऑटिझम."

माझे यजमान बँकेत आहेत, कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी तो एक शब्द दोनदा वाचला आणि विचारलं, "डॉक्टर साहब, दवाई का कोर्स कितने दिन का रहेगा?"

"कोर्स नहीं है," डॉक्टर म्हणाले. "ये बुखार थोड़े ही है जो उतर जाए. आपकी बच्ची दुनिया को अलग ढंग से लेती है. सीखेगी, पर अपने ढंग से."

मी मिनीकडे बघत होते. टेबलफॅन जिकडे वळेल तिकडे तिची मान वळत होती. साडेपाच वर्षांची पोर, पाळण्यातलं नाव मृणाल, आणि तिला नाव ठेवणाऱ्या आत्याकडे तिनं आजवर एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं. मला रडू येणार होतं, पण तेवढ्यात बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

वेटिंग रूममध्ये आम्ही दोन तास बसलो होतो. तेवढ्या वेळात मिनीनं दारातल्या सगळ्या चपला लावून टाकल्या होत्या. डाव्या पायाच्या जिन्यापाशी, उजव्या पायाच्या माठापाशी, दोन्हीकडे लहानापासून मोठ्यापर्यंत. एक आजोबा एकाच चपलेनं खाली रस्त्यापर्यंत जाऊन परत आले होते. डॉक्टर बाहेर येऊन दोन्ही ओळी बघून म्हणाले, "अब तो कोई शक नहीं."

ज्यांच्या हातात असा कागद आज-उद्या पडेल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं सांगते. ऑटिझममध्ये मुलाला ऐकू येतं, पण हाक मारली की वळेलच असं नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, मिनीची उत्तम आली होती. तिला रोजचा क्रम रोज तसाच लागतो. आणि इकोलेलिया असतो, म्हणजे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं. "तुला पाणी हवं?" विचारलं की तीही मला विचारायची, "तुला पाणी हवं?" मला वाटायचं, पोरगी फार लाघवी आहे.

शेवटी डॉक्टर म्हणाले की माणसांची ओढ तिला कमी वाटेल, त्याचं वाईट मानू नका. मी वाईट मानलं. बसमधून उज्जैनच्या देवास गेटला उतरेपर्यंत मानत होते.

नानाखेड्याला घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "काही नाही गं. हाही पाच वर्षांचा होईतो बोलला नव्हता. लागला ना बँकेत?" यावर यजमान काहीच बोलले नाहीत, त्यामुळे सासूबाईंचा मुद्दा आणखीच पक्का झाला.

तरी त्यांनी मिनीला मंगळनाथाच्या देवळात नेलंच. उज्जैनमध्ये राहून ग्रहांना दाखवलं नाही असं कसं चालेल? तिथे मंगळाच्या शांतीसाठी पिंडीला दहीभाताचा लेप देतात. मिनी त्या दिवसांत दहीभाताखेरीज कशालाही तोंड लावत नसे. पूजा अर्ध्यावर आली, मंत्र चालू होते, आणि हिनं शांतपणे परातीतला भात खायला घेतला. सासूबाई पांढऱ्या पडल्या. गुरुजींनी मात्र वर न बघता सांगितलं, "खाने दो माताजी, मंगल ऐसे भी ठंडा होता है." त्यानंतर सासूबाईंनी ग्रहांचा विषय कायमचा मिटवला.

आता शाळा. दोन शाळांनी मिनीला दारातूनच परत पाठवलं होतं. तिसरी घराजवळची खासगी शाळा, तिथे जुलैत पहिलीत घेतलं. त्या वर्षांत सगळंच खुलं होत होतं. गल्लीत केबलच्या तारा आल्या, कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ आला आणि या शाळेच्या फाटकावर 'इंग्लिश मीडियम' रंगवलं गेलं. फाटकाच्या आत इंग्रजी अजून पोचलं नव्हतं. फक्त हजेरीला 'उपस्थित' न म्हणता 'प्रेजेंट मैडम' म्हणायचं. एवढं एकच असल्यामुळे त्याच्यावर कटाक्ष फार.

वर्गशिक्षिका तिवारी मॅडमना मी पहिल्याच दिवशी ऑटिझमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहनजी, शुरू में सब बच्चे चुप रहते हैं." मिनीला शाळा आवडली. तेच बाक, तीच खिडकी, तीच घंटा. रविवारीसुद्धा ती दप्तर घेऊन दारात उभी राहायची आणि तिला आत आणणं हे आमचं रविवारचं काम झालं.

सप्टेंबरात प्रगतिपत्रक आलं. उपस्थित दिवस: शून्य. खाली शेरा होता, 'छात्रा नियमित नहीं है.'

मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. ज्यांचं तोंड मी वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही असे लोक आमच्या मस्टरवर रोज हजर असतात. त्यामुळे हजर नसताना हजर असणं मला कळतं. हजर असताना गैरहजर हा प्रकार मात्र मी नोकरीत प्रथमच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी शाळेत गेले. तिवारी मॅडम म्हणजे किडकिडीत बाई, पदराला चार पिना, एका बाजूनं लाल आणि एका बाजूनं निळी अशी पेन्सिल कानावर.

"मैं नाम लेती हूँ," त्या म्हणाल्या. "जवाब आया तो पी, नहीं आया तो ए. आपकी बच्ची जवाब नहीं देती."

"पर वो तो आपके सामने बैठी रहती है."

"बैठी तो रहती है." त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडून धरलं. "पर इसमें बैठने का कॉलम नहीं है."

मला राग आला. मी उठून सरळ मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना सगळे बड़ी मैडम म्हणत. त्यांनी गोड बोलून आणखी वाईट बातमी दिली. दिवाळीच्या सुट्टीआधी रजिस्टरांची तपासणी होणार होती, आणि ज्यांची हजेरी नाही त्यांचं नाव कटणार होतं. "आप ऐसा कीजिए, डॉक्टर से लिखवा लाइए कि बच्ची उपस्थित रहती है."

नाव कटलं तर चौथी शाळा नव्हती. मला एकच दिसत होतं: पोरगी रोज सकाळी दप्तर घेऊन दारात उभी आहे आणि आमच्याकडे रोजच रविवार आहे.

मी इंदूरला गेले. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की कशानं ते मला कळलं नाही. मग लिहून दिलं: 'प्रमाणित किया जाता है कि यह बच्ची जब उपस्थित होती है, तब उपस्थित होती है.' खाली सही, शिक्का. मला वेगळं बजावलं, "ज़बान से जवाब की ज़िद मत कीजिए. हाथ उठवा लें, कार्ड दिखवा लें. स्कूल को बच्ची की तरफ भी दो कदम चलना पड़ेगा." हे तुम्हीही तुमच्या शाळेत सांगा. शाळा ऐकेलच असं नाही, पण सांगा.

बड़ी मैडमनी प्रमाणपत्र उजेडाकडे धरून वाचलं. "डॉक्टर इंदौर के हैं. हमारी क्लास में कौन उपस्थित है, ये वो वहाँ बैठकर कैसे प्रमाणित करेंगे?" खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता. आवकला मीसुद्धा तो कागद याच कारणानं परत केला असता. हातानं किंवा कार्डानं उत्तर देण्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "फिर तो सब हाथ ही उठाएँगी, इंग्लिश मीडियम का क्या रहेगा?"

मग आम्ही घरी तालीम सुरू केली. जेवायला बसलं की मी हाक द्यायची, "मृणाल जोशी?" मिनी म्हणायची, "मृणाल जोशी?" अगदी माझ्याच आवाजात. तिला समजावं म्हणून यजमान विद्यार्थी झाले. मी त्यांचं नाव घेतलं की ते वरणभाताचा घास हातात धरून म्हणायचे, "प्रेजेंट मैडम." चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "माझंही नाव घे की." पंधरा दिवसांत घरातली सगळी माणसं हजर झाली, जिच्यासाठी चाललं होतं ती सोडून.

एका शनिवारी दुपारी मी ऑफिसातून लवकर आले. मिनी स्वयंपाकघरात एकटी होती. तिनं जमिनीवर चमचे ओळीनं मांडले होते आणि ती हजेरी घेत होती.

आवाज तिवारी मॅडमचा. तोच नाकातला हेल, तीच घाई. "अनिता शर्मा." मग एका किरट्या आवाजात, "प्रेजेंट मैडम." मग पुढचं नाव, वेगळा आवाज. अठराव्या नावानंतर मॅडमचा खोकला. जी पोर घरात 'आई' म्हणून हाक मारत नव्हती, तिला अख्खा वर्ग पाठ होता. मी दाराशी तोंडावर हात धरून हसत उभी होते.

मग ती म्हणाली, "मृणाल जोशी." आणि थांबली. परत, "मृणाल जोशी." परत थांबली. मग मॅडमसारखा एक बारीक सुस्कारा सोडला, बोटानं हवेत खूण केली आणि म्हणाली, "ए." लगेच पुढचं नाव.

माझं हसू जागच्या जागी थिजलं. आम्हाला वाटत होतं की तिला कळत नाही. तिला सगळं कळत होतं. रोज आपलं नाव येतं, मग सगळे गप्प होतात, मग ए येतो. हजेरीचा क्रम तो असा, आणि त्यातलं गप्प राहण्याचं आपलं काम ती इमानदारीनं करत होती. मी तिथेच चमच्यांशेजारी बसून रडले. मिनी यादी संपेपर्यंत थांबली नाही.

सोमवारी मी हे सगळं तिवारी मॅडमना सांगितलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण सांगता सांगता भांडायचं विसरले. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "खाँसी भी करती है?"

"हाँ. अठारहवें नाम के बाद."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मला वाटलं, राग आला असावा.

तपासणीच्या दिवशी बड़ी मैडम वर्गात येऊन बसल्या. मला आत यायला मनाई होती, म्हणून मी दारात. तिवारी मॅडमनी रजिस्टर उघडलं, पेन्सिल घेतली आणि मिनीला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं. "आज हाज़िरी मृणाल लेगी. पी-ए मैं लगाऊँगी." आणि बसायला दुसरी जागा नसल्यामुळे त्या स्वतः रजिस्टर घेऊन मिनीच्या बाकावर जाऊन बसल्या.

मिनीनं खिडकीकडे बघत सुरुवात केली. पहिल्या नावाला दोन पोरी फिदीफिदी हसल्या, पण तो आवाज ऐकून त्यांची हाताची घडी आपोआप झाली. बड़ी मैडमसुद्धा सरळ बसल्या. नावं येत गेली, उत्तरं येत गेली, अठराव्यानंतर खोकला आला.

"मृणाल जोशी."

वर्ग गप्प.

"मृणाल जोशी."

मी दाराची चौकट घट्ट धरली. मिनीनं सुस्कारा सोडायला श्वास घेतला, आणि बाकावरून तिवारी मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"प्रेजेंट मैडम," त्या म्हणाल्या.

मिनी थांबली. तिच्या क्रमात हे नव्हतं. क्रम मोडला की ती किंचाळते, हे मला माहीत होतं, मी देवाचं नाव घेतलं. तिनं खिडकीवरची नजर काढली, वळली आणि तिवारी मॅडमकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत. मग म्हणाली, "पी," आणि पुढचं नाव घेतलं.

बड़ी मैडम बराच वेळ नियम आठवत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "जवाब तो आया है. कौन दे, ये तो कहीं लिखा नहीं."

शाळा सुटल्यावर तिवारी मॅडम जुलैपासूनचा एकेक ए खोडून पी करत बसल्या होत्या, प्रत्येक दुरुस्तीपाशी छोटी सही. मी आभार मानायला गेले तर वर न बघता म्हणाल्या, "अभी नहीं बहनजी, लाइन चूक जाएगी." ते आभार राहूनच गेले. ते मी इथे मानते.

त्या दिवसापासून हजेरी मिनीच घेऊ लागली. तिच्या नावाला कधी मॅडम उत्तर द्यायच्या, कधी शेजारची शबाना. यादी संपली की मिनीनं आपल्या मनानं आणखी एक नाव जोडलं, "तिवारी मैडम." त्यावर त्याही उत्तर द्यायच्या.

दिवाळीनंतर तिवारी मॅडम तापानं तीन दिवस आल्या नाहीत. काय झालं ते मला शबानानं सांगितलं. मिनीनं सगळ्यांची हजेरी घेतली, शेवटी म्हणाली, "तिवारी मैडम." उत्तर आलं नाही. परत म्हणाली. मग खुर्चीवरून उतरली आणि व्हरांड्यात बघत दाराशी उभी राहिली.

"फिर उसने ए बोला?" मी विचारलं.

"नहीं आंटी," शबाना म्हणाली. "तीनों दिन नहीं बोला. बस खड़ी रही, घंटी बजने तक."