गोळ्यांचा साचा

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी न्हाऊन, ओल्या केसांनी मागच्या पडवीत चहा घेऊन गेले, तर माझे सासरे, आप्पा, ओरडले, "हितंच थांब. पाऊल पुढं टाकू नको." स्टोव्हवरच्या लोखंडी कढईत शिसं वितळत होतं. आप्पा उठून माझ्यापर्यंत आले, कप घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "केसातला एक थेंब त्यात पडला तर शिसं उसळून तुझ्या तोंडावर यील. आता जा. आनि राग मानू नको." मला राग आला होताच. नव्या सुनेवर असं कोण ओरडतं?

आप्पांचा जन्म फौंड्रीतल्या भट्टीपुढं गेला. निवृत्त झाल्यावर ते उचगावच्या घरी राहत, पण जीव चंदगडकडच्या शेतात. तिथं भाताला डुकरांचा त्रास, म्हणून वडिलांच्या वेळेपासून रीतसर परवान्याची बंदूक होती. जुनी, परदेशी. खालची कडी ओढून परत वर दाबली की रिकामी पुंगळी बाहेर पडायची आणि नवं काडतूस आत जायचं. गावात तिला 'खटक्याची बंदूक' म्हणत. तिची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हापासून आप्पा परवानगी काढून घरीच गोळ्या ओतत आणि त्याच पितळी पुंगळ्या पुन्हा भरत.

घरात आम्ही मांसाला शिवत नाही. सकाळी कपाळाला विभूती लावणाऱ्या या माणसाला बंदुकीचा एवढा सोस का, हे मी एकदा विचारलंही. "मारायला कुठं जातोय मी," ते म्हणाले. "बांधाच्या मातीत बार टाकला की जनावर पळतं. काम झालं." हवेत मात्र त्यांनी कधी कुणाला बार काढू दिला नाही. "वर गेलेली गोळी खाली येती. कुणाच्या डोक्यावर, ते ती इचारत न्हाय."

साचा पुरेसा तापलेला नसला की गोळीवर बारीक वळ्या उठत. अशी गोळी ते लगेच कढईत परत टाकत. "सुरकुती माणसाला शोभती, गोळीला न्हाय," असं म्हणून स्वतःशीच हसत. पुंगळीत बंदुकीची दारू भरताना मात्र हसणं नाही की बोलणं नाही. फोन बाहेर, रेडिओ बंद. त्या वेळी त्यांना हाक मारायची माझ्या नवऱ्याचीही, महेशचीही, टाप नव्हती. एखाद्या गोष्टीला ठाम नकार द्यायचा असला की ते कानडीत द्यायचे, "इल्ला". त्यानंतर घरात वाद संपायचा.

मग ते चहा झाल्यावर पुन्हा चहा मागू लागले. दोनदा बाजारातून पिशवी न घेताच परत आले. आम्ही वयावर घातलं. त्यांनीही.

त्या साली भात कापणीला आलं होतं. डुकरांनी खालचे दोन वाफे लोळवले, म्हणून संध्याकाळी महेशनं बांधावर बार टाकायला बंदूक घेतली. मी जेवणाचा डबा घेऊन शेजारीच आप्पांजवळ उभी होते. त्यानं चाप ओढला, पण आवाज झाला नाही. नुसतं फुस्स झालं. महेशनं पुढचं काडतूस घ्यायला कडीला हात घातला आणि आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"कडी सोड. बंदूक हिकडं दे."

त्यांनी ती उघडून आतून बघितली. गोळी नळीतच अडकली होती. त्यावर दुसरा बार निघाला असता तर नळी महेशच्या तोंडापुढं फुटली असती. काडतुसात दारूच नव्हती; नुसत्या बुडाच्या टोपीच्या ठिणगीनं गोळी तेवढीच सरकली होती.

"होतंय की आप्पा एखादं," महेश म्हणाला.

आप्पा बांधावर बसले. "दारू मी घातली. घालताना मला दिसतंय, म्हेश. आत्ता, डोळ्यांसमोर. आनि घातलेली न्हाय."

घरी आल्यावर त्यांनी उरलेली सगळी काडतुसं उघडायला काढली आणि मला शेजारी बसवलं. "मी काय करतोय ते तू बघ. माझ्यावर इस्वास ठिऊ नको." एकेक पुंगळी ते कागदावर रिकामी करत गेले. बहुतेक ठीक होत्या. एकीतून दुप्पट दारू निघाली. ती पुंगळी त्यांनी बाजूला ठेवली. "ही म्हेशच्या गालाला लागून फुटली असती," एवढंच म्हणाले.

बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचं त्यांनीच ठरवलं. महेशला ते पटेना. आजोबांची वस्तू, माझ्या नावावर करा, म्हणाला. "इल्ला," आप्पा म्हणाले. "तुझ्या नावावर झाली तरी भरणार मीच. सोडलंय हेच मला उद्या आठवणार न्हाय." बंदूक गेली, शिल्लक दारूही ठाण्यातच गेली. गोळ्यांचा साचा मात्र त्यांनी माझ्या हातात दिला. "हा भट्टीत घालायला लाव. मी मागितला तर दिऊ नको. शिव्या दिल्या तरी दिऊ नको. म्हेश इरघळंल. तू न्हाय इरघळणार."

महेशनं तो साचा आप्पांच्या जुन्या फौंड्रीत नेऊन वितळवला. पुढच्या पावसाळ्यानंतर आप्पांनी तो मागितला.

"आप्पा, तो वितळवला. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? मी सांगीन व्हय असं?"

आधी त्यांनी पडवी धुंडाळली, मग माझं कपाट. दिवाळीला माझे आईवडील आले, तर त्यांच्यासमोर म्हणाले, "पावणं, तुमची पोरगी चोरटी हाय. माझ्या बापाची बंदूक विकली हिनं." आईच्या हातातला चहा तसाच राहिला. मी खुलासा केला नाही. आप्पांसमोर त्यांच्या विसरण्याच्या आजाराबद्दल बोलणं मला जमलं नाही. रात्री जेवायला वाढलं, तर त्यांनी ताट माझ्याकडून न घेता महेशकडून घेतलं. ते तसंच पुढं चालू राहिलं. मी भात कालवून द्यायची, महेश ताट पुढं ठेवायचा.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. मी अंग पुसायला गेले की डोळे मिटून घेत. एका दुपारी महेशचा हात धरून म्हणाले, "हिच्यापासनं जपून ऱ्हा." त्याच आठवड्यात ते गेले. शब्द मागं घेतला नाही त्यांनी.

लोक भेटायला आले, तेव्हा सासऱ्यांनी कधी दुखावलं नाही ना, असं एका बाईनं सहज विचारलं. मी नाही म्हणाले. महेश माझ्याकडं बघत होता. त्यांनी सांगितलेलं मी शेवटपर्यंत पाळलं, आणि ते पाळलं म्हणूनच त्यांच्या लेखी मी चोर राहिले. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त दुखतं, ते अजून मला ठरवता येत नाही.